नेब्रास्का विद्यापीठाच्या रीजंट मंडळास खुले पत्र: पुढचा प्रशिक्षक आजपासून घडवायला घ्या

प्रति,
सन्माननीय सदस्य,
बोर्ड ऑफ रीजंट्स, नेब्रास्का विद्यापीठ, लिंकन

सस्नेह नमस्कार.

मी लिंकनची रहिवासी. तुमच्या निवडणुकीत न चुकता मत देते आणि मेमोरियल स्टेडियममध्ये वरच्या रांगांत बसून अमेरिकन फुटबॉल बघते. या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्याकडे वेगळी पाठवली आहे. मराठीत ते जाहीर करते आहे, कारण लिंकन-ओमाहातल्या कितीतरी मराठी घरांत आता शरद ऋतूतला हळदीकुंकवाचा, वाढदिवसाचा, गणपतीचा कार्यक्रम आधी हस्कर्सचं, म्हणजे नेब्रास्काच्या संघाचं, वेळापत्रक बघून ठरतो. या घरांतली मुलं तुमच्याच विद्यापीठात शिकतात आणि फी आम्ही भरतो. त्यामुळे प्रशिक्षकावर किती पैसे उधळायचे, हा आमच्याही घरातला प्रश्न आहे. हे पत्र तेही वाचणार असल्याने तुम्हाला तोंडपाठ असलेल्या काही गोष्टी मी पुन्हा सांगेन, त्या गोड मानून घ्या.

मागणी आधीच सांगून टाकते. मुख्य प्रशिक्षकाचा वारसदार याच संघात, याच मैदानावर, सहायक म्हणून वर्षानुवर्षं काम करत तयार व्हावा अशी व्यवस्था करा आणि ती कागदावर आणा. सध्याचे मुख्य प्रशिक्षक मॅट रूल यांचा करार २०३२ पर्यंत वाढवलेला आहे. आज कुणाला काढायचं नाही, कुणाला आणायचं नाही, घाई नाही. असा विचार घाई नसतानाच होतो. घाईच्या वेळी काय होतं ते आपण २००३ पासून बघतो आहोत.

बॉब देवेनी १९६२ साली वायोमिंगहून इथे आले. त्या वेळी हा संघ वर्षानुवर्षं हरत होता. त्याच वर्षीच्या ३ नोव्हेंबरला स्टेडियम भरलं, ते आजतागायत प्रत्येक घरच्या सामन्याला भरतं आहे. चारशेहून अधिक सामने झाले. देवेनींनी १९७० आणि १९७१ ची राष्ट्रीय विजेतेपदं आणली, हे शाळकरी पोरंही सांगतात. पण त्याआधीची दोन वर्षं फारसं कुणी काढत नाही. १९६७ मध्ये सहा विजय, चार पराभव. १९६८ मध्येही तेच, आणि हंगामाचा शेवट ओक्लाहोमाकडून ४७-० असा. देवेनींना घालवा म्हणणारे तेव्हाही होते. त्यांना कुणी घालवलं नाही. देवेनींनी काय केलं, तर आपल्याच एका तरुण सहायकाला बसवून आक्रमणाची सगळी मांडणी नव्याने करायला सांगितली. १९६९ मध्ये बॉइड एप्ली नावाच्या विद्यार्थ्याला खेळाडूंच्या वजनी व्यायामाची जबाबदारी दिली, तेव्हा बहुतेक प्रशिक्षक वजनं उचलली की खेळाडू मंद होतो असं मानत. पुढच्या दोन वर्षांत दोन विजेतेपदं आली.

तो तरुण सहायक म्हणजे टॉम ऑस्बोर्न. हेस्टिंग्ज गावचा मुलगा. देवेनींकडे आला तेव्हा त्याला पगारही नव्हता. इथेच शैक्षणिक मानसशास्त्रात डॉक्टरेट केली, इथेच सहायक झाला, आणि देवेनींनी निवृत्त होताना त्याचंच नाव पुढे केलं. मुख्य प्रशिक्षक म्हणून एका सामन्याचाही अनुभव गाठीशी नव्हता. आजच्या निवड समितीने त्यांचा अर्ज पहिल्या चाळणीतच बाजूला टाकला असता.

१९७३ पासून ऑस्बोर्न ओक्लाहोमाकडून ओळीने पाच वर्षं हरले. पाच वर्षं! आणि ओक्लाहोमाविरुद्धचा सामना म्हणजे इथे वर्षाचा निकाल होता. क्रीडा संचालकाच्या खुर्चीत देवेनी बसलेले होते, त्यांनी आपल्या माणसाची साथ सोडली नाही. १९७८ मध्ये ओक्लाहोमाला १७-१४ हरवलं. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं १९९४ ला, म्हणजे २१ हंगाम विजेतेपदाविना गेल्यानंतर. मग १९९५, मग १९९७. पंचवीस वर्षांत २५५ विजय, आणि एकाही वर्षी नऊपेक्षा कमी नाहीत.

मधल्या त्या एका रात्रीविषयी मला थोडं सविस्तर लिहू द्या, कारण आमच्या घरातल्या नव्या पिढीला ती ठाऊक नाही. २ जानेवारी १९८४, मायामीतला ऑरेंज बोल, म्हणजे हंगाम संपल्यावरचा मानाचा सामना. नेब्रास्काचा संघ वर्षभर अजिंक्य होता. शेवटच्या मिनिटात टचडाउन करून आपण ३१-३० पर्यंत आलो. अमेरिकन फुटबॉलमध्ये टचडाउननंतर दोन वाटा असतात: लाथ मारून एक गुण घ्यायचा, किंवा पुन्हा एकदा रेषेपलीकडे जाऊन दोन. एक घेतला असता तर सामना बरोबरीत सुटला असता आणि पहिला क्रमांक जवळजवळ नक्की होता. ऑस्बोर्न यांनी दोन गुणांसाठी खेळायचं ठरवलं. आपला क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, टर्नर गिल याने फेकलेला चेंडू बचावपटूच्या हाताला लागून हुकला. विजेतेपद गेलं. जिंकायला आलो आहोत, बरोबरी साधायला नाही, असा त्या निर्णयाचा अर्थ इथल्या लोकांनी घेतला आणि दुसऱ्या दिवशी कुणी त्यांचा राजीनामा मागितला नाही. माझ्या शेजारच्या सीटवर बसणारे आजोबा आजही त्या खेळीबद्दल बोलताना ताठ बसतात. त्यांना त्या पराभवाचा अभिमान आहे. ही गोष्ट विकत आणता येत नाही, सभासदहो.

पण पाठीशी उभं राहणं एवढ्यावर परंपरा चालत नाही. तिच्यात काम असावं लागतं, आणि ऑस्बोर्न यांच्या काळात ते कसं होतं हे समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक संघांच्या सरावात पहिल्या फळीचे खेळाडू खेळतात आणि बाकीचे कडेला उभे राहून बघतात. इथे मैदानाचे भाग पाडून एकाच वेळी अनेक ठिकाणी सराव चाले. तिसऱ्या-चौथ्या फळीतला पोरगाही त्याच खेळी, तेवढ्याच वेळा करत असे. ऑप्शन नावाची जी खेळी नेब्रास्काची ओळख होती, तिच्यात क्वार्टरबॅक चेंडू घेऊन कडेला धावतो आणि समोरच्या टोकाच्या बचावपटूवर नजर ठेवतो. तो अंगावर आला तर चेंडू मागे धावणाऱ्या साथीदाराकडे टाकायचा, तो थांबला तर स्वतः पुढे घुसायचं. निर्णय पापणी लवायच्या आत. हे फळ्यावर शिकवून येत नाही, हजारदा करूनच अंगात मुरतं. आणि हजारदा करून घ्यायला तोच शिकवणारा चार-पाच वर्षं त्या पोरासमोर लागतो. मिल्ट टेनोपिर १९७४ पासून २००२ पर्यंत पुढच्या फळीचे प्रशिक्षक होते. चार्ली मॅकब्राइड यांनी बचावाची बाजू वीसहून अधिक वर्षं सांभाळली. शिष्यवृत्तीशिवाय, स्वखर्चाने येणारी गावोगावची पोरं, ज्यांना वॉक-ऑन म्हणतात, ती या सरावातून तयार झाली. चारशे वस्तीच्या गावातला शेतकऱ्याचा मुलगा चौथ्या वर्षी स्टेडियममध्ये उतरायचा आणि अख्खं गाव गाडीने लिंकनला यायचं. निष्ठा वर प्रशिक्षकाशी होती तशी खाली या पोरांशीही होती.

माझं माहेर कोल्हापूर. तिथे कुस्तीच्या तालमीत वस्ताद थकला की पुढचा वस्ताद त्याच मातीत लोळलेल्यांतून पुढे येतो. बाहेरून कितीही नावाचा मल्ल आणला तरी कोणत्या पोराचा गुडघा दुखावलेला आहे, कोण रागावलं की चुकतो, कोणाला आधी दूध आणि मग बोलणी द्यायची, हे त्याला समजायला दोन पावसाळे जातात. देवेनी, ऑस्बोर्न आणि त्यांच्यानंतरचे फ्रँक सोलिच ही मला तशीच एक ओळ दिसते. सोलिच देवेनींच्या संघात फुलबॅक होते, मग लिंकनच्याच शाळेत प्रशिक्षक, मग ऑस्बोर्न यांच्या हाताखाली १९ हंगाम. १९९८ ला त्यांच्या हाती संघ आला.

ही ओळ तुमच्या विद्यापीठाने २९ नोव्हेंबर २००३ च्या रात्री तोडली. आदल्या दिवशी सोलिच यांच्या संघाने कोलोराडोला हरवलं होतं. त्या हंगामात नऊ विजय, तीन पराभव. एकूण ५८ विजय, १९ पराभव. दोनच वर्षांपूर्वी त्यांचा संघ राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना खेळला होता. हे खरं आहे की तो सामना ३७-१४ असा दणकून हरला आणि २००२ चा हंगाम सात-सात असा गेला. काळजीचं कारण होतं. पण सोलिच यांनी त्या वर्षानंतर आपल्याच सहायकांत बदल केले होते आणि बदलांचा परिणाम दिसू लागला होता. तत्कालीन क्रीडा संचालक स्टीव्ह पेडरसन यांचं म्हणणं होतं की संघाला सामान्यपणाकडे घसरू देणार नाही. त्यांनी आणलेल्या बिल कॅलहन यांच्या पहिल्याच हंगामात, २००४ मध्ये, पाच विजय आणि सहा पराभव झाले. विजयांपेक्षा पराभव जास्त, असा १९६१ नंतरचा पहिला हंगाम. हंगामानंतरचा बोल सामना सलग ३५ वर्षं खेळलो होतो, तो त्या वर्षी चुकला.

नंतरची यादी तुम्हाला ठाऊकच आहे. कॅलहन २००७ ला गेले, पेडरसनही गेले. बो पेलिनी सात वर्षं राहिले, एकाही वर्षी नऊहून कमी विजय नाहीत, तेही गेले. त्यांच्या तोंडाळपणाला कंटाळून काढलं असेल तर मी त्यावर वाद घालणार नाही. मग माइक रायली, १९-१९.

मग स्कॉट फ्रॉस्ट. इथे मला थांबायचं आहे, कारण माझ्या मागणीवरचं पहिलं उत्तर म्हणून तुम्ही हेच नाव पुढे कराल. घरचा मुलगा, वुड रिव्हरचा, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक. आम्ही सगळे नाचलो होतो. पाच हंगामांत १६ विजय, ३१ पराभव. त्यांतले २२ पराभव आठ किंवा त्याहून कमी गुणांचे, म्हणजे सामना हातात आलेला आणि शेवटच्या क्षणी निसटलेला. ११ सप्टेंबर २०२२ ला, जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर ४५-४२ हरल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना काढलं आणि सुमारे दीड कोटी डॉलर मोजले. तीन आठवडे थांबलं असतं तर ती रक्कम निम्मी झाली असती.

यावरून काहीजण म्हणतात की घरचा माणूस आणून बघितला, आता परंपरेचं नाव काढू नका. माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. फ्रॉस्ट यांचा जन्म इथला, कीर्ती इथली, पण प्रशिक्षक म्हणून ते घडले ओरेगनमध्ये आणि सेंट्रल फ्लोरिडात. येताना तिथले जवळजवळ सगळे सहायक सोबत घेऊन आले. म्हणजे नाव नेब्रास्काचं आणि कामाची रीत दुसरीकडची, दुसऱ्या खेळाडूंसाठी बसवलेली. ऑस्बोर्न हेस्टिंग्जचे होते म्हणून ते मुख्य प्रशिक्षक झाले नाहीत. दहा वर्षं देवेनींच्या शेजारी बसून काम केलं म्हणून झाले. देवेनी तर मिशिगनचे होते, नेब्रास्काशी त्यांचं काही नातं नव्हतं. आडनाव, गाव, जुनी जर्सी यांवर परंपरा उभी राहत नाही. २०१७ मध्ये तुम्ही तुटलेल्या कामाच्या जागी एक लाडका चेहरा बसवलात, आणि त्या चेहऱ्याची किंमत त्या माणसालाही चुकवावी लागली.

हीच गोष्ट तुमच्याच विद्यापीठात दुसऱ्या दालनात अगदी नीट चालली आहे. महिला व्हॉलीबॉल संघाला १९७७ पासून तीनच मुख्य प्रशिक्षक लाभले. टेरी पेटिट, त्यांच्याच हाताखाली काम केलेले जॉन कुक, आणि २०२५ पासून डॅनी बुसबूम केली. केली या कुक यांच्या २००६ च्या विजेत्या संघात खेळल्या, २०१५ च्या विजेत्या संघात सहायक होत्या, मग लुइव्हिलला जाऊन मुख्य प्रशिक्षक म्हणून नाव कमावलं आणि परत आल्या. कुक यांची निवृत्ती आणि केली यांची नेमणूक एकदमच जाहीर झाली, मध्ये एक दिवसही संघ पोरका राहिला नाही. ३० ऑगस्ट २०२३ ला याच संघाच्या सामन्याला मेमोरियल स्टेडियममध्ये ९२,००३ प्रेक्षक आले. माझ्या मुलीने त्या रात्री घरी येऊन बूटही न काढता अंगणात सर्व्हिस मारायला सुरुवात केली. फुटबॉलचे लोक त्या दालनात जाऊन दोन तास बसतील तर बाहेरचे सल्लागार नेमायचा खर्च वाचेल.

आता निष्ठेची काळी बाजू. ती टाळून हे पत्र लिहिणं अप्रामाणिक ठरेल. १९९५ मध्ये ऑस्बोर्न यांनी लॉरेन्स फिलिप्स या खेळाडूला, त्याने आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीला मारहाण केल्यानंतर, निलंबित केलं आणि त्याच हंगामात पुन्हा संघात घेतलं. खेळाशिवाय हा मुलगा वाया जाईल असं त्यांचं म्हणणं होतं. त्या मुलीचं काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि मला तो आजही रास्त वाटतो. आणि पेन स्टेट विद्यापीठाचं प्रकरण तर आपण सगळ्यांनी जवळून पाहिलं. जो पॅटर्नो ४६ हंगाम तिथे मुख्य प्रशिक्षक होते. त्यांचा माजी सहायक जेरी सँडस्की याने लहान मुलांवर केलेल्या अत्याचारांबद्दल संस्थेने तोंड मिटून ठेवलं, आणि ते प्रकरण उघड झाल्यावर ९ नोव्हेंबर २०११ ला पॅटर्नोंना जावं लागलं. तीनच दिवसांनी त्यांच्या मैदानावर खेळायला गेला तो आपला संघ. सामन्याआधी दोन्ही संघ मैदानाच्या मध्यभागी एकत्र गुडघे टेकून बसले आणि नेब्रास्काचे सहायक प्रशिक्षक रॉन ब्राउन यांनी प्रार्थना सांगितली. ज्या परंपरेत वरच्या माणसाला प्रश्न विचारता येत नाही, तिथे लहान मुलांचे बळी जातात. म्हणून मी प्रशिक्षकाला अभय द्या असं म्हणत नाही. तक्रार आली तर ती क्रीडा विभागाच्या बाहेर, थेट तुमच्यापर्यंत यावी, आणि तिथे पंचवीस वर्षांच्या सेवेला शून्य किंमत असावी. पराभवाच्या बाबतीत धीर धरा, अत्याचाराच्या बाबतीत एक दिवसही थांबू नका.

काळ बदलला आहे हे मलाही दिसतं. २०२१ पासून खेळाडू एक हंगाम न गमावता विद्यापीठ बदलू शकतात. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देतात, आणि फुटबॉल संघात १०५ हून अधिक खेळाडू ठेवता येत नाहीत. वॉक-ऑनची मोठी फौज बाळगणाऱ्या नेब्रास्काला या मर्यादेचा फटका बसणारच. क्रीडा संचालकही टिकत नाहीत: ट्रेव्ह अल्बर्ट्स, याच संघाचे माजी खेळाडू, मार्च २०२४ मध्ये टेक्सास ए अँड एमला निघून गेले. सगळेच फिरते असताना एका जागी राहणारं कुणीतरी लागतं. खेळाडू दोन वर्षांत जाणार असेल तर शिकवणाराही दोन वर्षांत जाऊन चालणार नाही, कारण मग खेळाडूने आल्या दिवशी शिकायचं कुणाकडून?

तर माझ्या मागण्या अशा. मुख्य प्रशिक्षकाच्या करारात सुमारे साडेसात कोटी डॉलर आठ वर्षांसाठी बांधता, तर त्याच कराराबरोबर किमान तीन-चार सहायकांना पाच वर्षांचे करार द्या, आणि मुख्य प्रशिक्षक गेला तरी ते चालू राहतील असं कलम घाला. नवा येणारा कुरकुरेल, कुरकुरू द्या. दरवर्षी मुख्य प्रशिक्षकाने तुमच्यासमोर लेखी सांगावं की आपल्या सहायकांपैकी कोण पुढे संघ चालवू शकेल आणि त्याला या वर्षी कोणती नवी जबाबदारी दिली. नऊ विजयांच्या हंगामानंतर कुणाला काढायचं असेल तर कारणं लेखी नोंदवा आणि मतदान उघड बैठकीत घ्या; रात्री फोनवर नको. करार मुदतीआधी मोडल्याची भरपाई किती असेल, हे सही होण्याआधी जाहीर करा. आणि १०५ जागांतल्या काही जागा राज्यातल्या शाळांतून स्वखर्चाने येणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवा. त्यांची संख्या तुम्ही ठरवा, पण ती शून्य नसावी.

फ्रँक सोलिच इथून गेल्यावर ओहायो विद्यापीठात २००५ पासून सोळा हंगाम राहिले आणि तिथे त्यांनी ११५ सामने जिंकले. छोट्याशा अथेन्स गावाने त्यांना हरल्या वर्षीही ठेवून घेतलं. २०२४ मध्ये त्यांचं नाव कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलं. एवढा मोठा शिकवणारा माणूस आपल्याकडे होता. त्यांना फुलांचे गुच्छ पुरेसे झाले. त्यांना, आणि त्यांच्या काळातले जे सहायक हयात आहेत त्यांना, तुमच्या पुढच्या बैठकीत बोलवा. सराव कसा आखायचे, नव्या सहायकाला पहिल्या वर्षी काय काम द्यायचे, चौथ्या फळीतल्या पोराला कोण शिकवायचं, हे त्यांच्याकडून ऐका, नोंदवून ठेवा आणि ती नोंद रूल यांच्या सहायकांच्या हाती द्या. बैठक जाहीर असते, त्यामुळे मीही येईन. सार्वजनिक निवेदनासाठी नाव नोंदवते आहे.

आपली,
लिंकनमधील एक मतदार आणि हंगामी तिकीटधारक